चार विणकर की सहा?

आमच्या घरात संगणक येणार ही बातमी वडगावातल्या आमच्या गल्लीत पसरायला फार वेळ लागला नाही. कारण त्याआधी दोनच दिवस आमच्या घरातून दोन यंत्रमाग बाहेर पडले होते, आणि ते साऱ्या गल्लीने पाहिले होते. भंगारवाल्याच्या टेम्पोत माग चढवायला सहा माणसे लागली. हेच माग पहिल्यांदा घरात आले तेव्हा त्यांना हळदकुंकू लावून आत घेतले होते, असे आई म्हणाली. ती हे कुणाला उद्देशून म्हणाली नाही; नुसतेच म्हणाली आणि आत गेली.

आप्पांचे एकूण सहा माग. २०२० च्या टाळेबंदीत सहाही थांबले. पुढे चार सुरू झाले. दोन झालेच नाहीत. सूत महागलेले, साडीला उठाव नाही, आणि सहा माग भरून चालतील एवढे काम कुणी देईना. चार वर्षे ते दोन माग जुनी चादर पांघरून कोपऱ्यात उभे होते. २०२४ च्या मे महिन्यात आप्पांनी ते वजनावर दिले. बेचाळीस हजार आले. त्यातले सहा हजार सुताच्या दुकानची जुनी बाकी म्हणून गेले. उरलेले ३६,००० रुपये आप्पांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तुझं ते यंत्र घे आता. पण विचार करून घे."

मी तेव्हा बी. कॉम.चे पहिले वर्ष संपवून संध्याकाळी एका कर सल्लागारांकडे हिशेब लिहायला जात होतो. घरी संगणक असेल तर चार-सहा दुकानदारांचे काम तुलाच सोपवतो, असे ते म्हणाले होते. म्हणजे या खरेदीत हौसेचा भाग नव्हता. दोन माग गेले होते, त्यांच्या जागी एक यंत्र येणार होते, आणि त्या यंत्राने मागासारखेच रोज काही कमवून द्यायला हवे होते. एवढे सगळे कळत असूनही मी जो मूर्खपणा करायचा तो केलाच, आणि तो येथे कबूल करतो.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. माझ्याबरोबर माझा बाकमित्र होता. तो कन्नड माध्यमातून आलेला, मी मराठी माध्यमातून. इंग्रजी माहितीपत्रक समोर आले की आम्ही दोघे निम्मे निम्मे समजून घेतो आणि मिळून पूर्ण शहाणे होतो. दुकानदाराने दोन प्रोसेसर सांगितले. एक इंटेलचा कोअर आय थ्री-१२१००, दुसरा त्याच कंपनीचा कोअर आय फाइव्ह-१२४००. पहिला ९,८०० रुपये, दुसरा १५,३००. "आय थ्री म्हणजे काय, पोरांचं खेळणं," दुकानदार म्हणाला. "हिशेबाचं काम करणार ना? मग आय फाइव्ह पाहिजेच." तीनापेक्षा पाच मोठे हे मला बालवाडीपासून ठाऊक होते. शिवाय वर्गातल्या एकाकडे आय सेव्हन आहे, आणि तो ते दिवसातून दोनदा तरी सांगतो. मी आय फाइव्हसाठी एक हजार रुपये आगाऊ देऊन मोकळा झालो.

दुकानदाराने लिहून दिलेला कागद असा होता: प्रोसेसर १५,३००, मदरबोर्ड ६,२००, आठ जीबी रॅम १,७००, दोनशे छप्पन जीबीची एसएसडी २,०००, पेटी आणि वीजपुरवठा ३,५००, पडदा ६,५००, कीबोर्ड-माऊस ८००. बेरीज बरोबर ३६,०००. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. मला वाटले, नशीबच!

रात्री आप्पांनी कागद पाहिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे कुठल्याही लिपीतले वाचता येतात. पंधरा हजारांवर बोट ठेवून म्हणाले, "हे एवढं महाग काय आहे?"

मी समजावून सांगू लागलो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचे जे खरे काम करणारे अंग ते. त्यात कोअर असतात. स्वस्तातल्यात चार, महागातल्यात सहा. "म्हणजे माग," आप्पा म्हणाले. मी म्हटले, होय. मग मी थ्रेड सांगितले: चार कोअरवाल्यात आठ थ्रेड, सहावाल्यात बारा. "थ्रेड म्हणजे?" मी म्हटले, "धागे." आप्पा हसले. "बाराच? आमच्या एका साडीच्या ताण्यात हजारांनी असतात की रे."

पण हसता हसता त्यांनी जे विचारले त्याने माझीच समज दुरुस्त झाली. एका कोअरला दोन धागे कसे, असा त्यांचा प्रश्न. मी वाचले होते तसे सांगितले की, एका कामाला लागणारी माहिती येईपर्यंत कोअर रिकामा बसतो, तेवढ्यात तो दुसरे काम पुढे ढकलतो. "मग कोअर म्हणजे माग नव्हे," आप्पा म्हणाले, "विणकर. एक विणकर दोन माग बघतो. एकावरचा धागा तुटला, तो सांधेपर्यंत दुसरा चालू असतो. पण म्हणून काय तो दोन माणसांचं काम करतो असं नव्हे." दोन थ्रेड म्हणजे दुप्पट काम नव्हे, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेले नसते. आप्पांनी ते न वाचताच सांगितले.

"आणि विणकर हाताने किती चपळ?" त्यांचा पुढचा प्रश्न.

येथे मला कागद काढून बसावे लागले. प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. आय थ्री-१२१०० चा मूळ वेग ३.३, आय फाइव्ह-१२४०० चा २.५. हे वाचून माझ्या बाकमित्राने दुकानातच स्वस्त प्रोसेसर अधिक वेगवान ठरवून टाकला होता. पण मूळ वेग म्हणजे सगळे कोअर भारंभार कामाला जुंपल्यावरही निदान एवढा राहील असा हमीचा आकडा. एकट्या कोअरवर काम पडले की दोन्ही वर चढतात: आय थ्री ४.३ पर्यंत, आय फाइव्ह ४.४ पर्यंत. म्हणजे एका सेकंदात ४३० कोटी ठोके आणि ४४० कोटी ठोके. शंभराला सव्वादोनचा फरक. आतली रचना तर दोघांची एकच. दोन्ही जानेवारी २०२२ मध्ये एकदमच बाजारात आलेले सख्खे भाऊ. हाताशी ठेवायची जी स्मृती असते, जिला कॅशे म्हणतात, ती एकात १२ मेगाबाइट, दुसऱ्यात १८. फरक मोठा दिसतो. पण कोअरांच्या संख्येने भागा, दोन्हीकडे प्रत्येकी तीनच येतात. विणकरागणिक कांड्यांची टोपली सारखीच. पडद्यावर चित्र उमटविणारा भागही दोघांत एकच, यूएचडी ७३०.

"म्हणजे विणकर तोच," आप्पा म्हणाले. "एका ठिकाणी चार, दुसऱ्या ठिकाणी सहा."

"होय."

"मग सहा जणांना पुरेल एवढं काम आहे का तुझ्याकडे?"

मी काही बोललो नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत अजून मागांच्या पायांचे चार-चार ठसे होते.

दुसऱ्या दिवशी परिव्यय लेखाशास्त्राच्या तासाला आमचे सर सीमांत खर्च शिकवीत होते. एक नग जास्त काढायला किती जास्त खर्च आला, एवढेच विचारा. सरासरीच्या मागे लागू नका, असे ते फळ्यावर लिहून सांगत होते. मी वहीच्या मागच्या पानावर माझा सीमांत खर्च मांडला. दोन जास्तीच्या कोअरसाठी ५,५०० रुपये. म्हणजे किंमत शेकडा ५६ ने जास्त. बाजारात आले तेव्हा इंटेलने जाहीर केलेले घाऊक दर १२२ डॉलर आणि १९२ डॉलर होते. तिथेही वाढ शेकडा ५७. कोअर मात्र शेकडा ५० नेच वाढतात. म्हणजे सगळे कोअर सर्वकाळ राबले तरीही कोअरमागे दर जवळजवळ तोच, किंचित महागच: १२२ ला चार म्हणजे साडेतीस डॉलर, १९२ ला सहा म्हणजे बत्तीस. घाऊक घेतले म्हणून येथे सूट मिळत नाही. आणि सगळे राबले नाहीत, तर?

याचे उत्तर १९६७ मध्येच जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने देऊन ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो किती आहे यावरच सगळे अवलंबून. समजा काम अर्धे वाटता येण्याजोगे आहे, अर्धे एकट्यानेच करायचे आहे. चार कोअरना एका कोअरच्या तुलनेत ६२.५ टक्के वेळ लागेल, सहांना ५८.३. दोन माणसे वाढविली आणि वेग वाढला शेकडा सातने! दहात नऊ भाग वाटता आले तर मात्र हाच वेग शेकडा तीसने वाढतो. मी हे आप्पांना सांगितले तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. "सूत रंगून येईपर्यंत सहा काय, साठ विणकर बसव. बिड्याच ओढत बसतील."

आता माझे काम कसले? पावत्या नोंदवायच्या, खातेवही मांडायची, दर महिन्याला ११ तारखेच्या आत विक्रीचे विवरण आणि २० च्या आत जीएसटीचे दुसरे विवरण भरायचे. पावती नोंदविताना संगणक माझी वाट पाहत असतो, मी त्याची नव्हे. माझी बोटे सेकंदाला तीन-चार अक्षरे मारतात. तेवढ्यात तिकडे चारशेहून अधिक कोटी ठोके पडून गेलेले असतात. सल्लागारांकडचा जुना संगणक मंद होता खरा, पण दोष प्रोसेसरचा नव्हे. त्यात फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क होती आणि रॅम चारच जीबी. विणकर तयार, पण कांडी आणायला पोरगा गोदामात गेलेला, अशी त्याची अवस्था.

जाता जाता सांगतो. जगातला पहिला मायक्रोप्रोसेसर, इंटेलचा ४००४, हा १९७१ मध्ये निघाला तो बुसिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी. त्यात ट्रान्झिस्टर होते अवघे २,३००. म्हणजे प्रोसेसर हा प्राणी मुळात बेरीज-वजाबाकीसाठीच जन्मला. आणि त्याच्याही आधी, १८०४ च्या सुमारास, फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग केला. तीच पुठ्ठ्यांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी उचलली. आमच्या गल्लीत साडीच्या काठाची नक्षी ज्याच्यामुळे उठते त्याला आजही जेकार्डच म्हणतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि विणकराचा मुलगा, या दोन्ही नात्यांनी मला या यंत्राबद्दल जरा आपलेपणा वाटू लागला, यात माझी चूक नाही.

एक शंका आप्पांना शेवटपर्यंत होती. "करंट किती खातो?" मागाच्या विजेचे बिल भरणारा माणूस हे विचारणारच. आय थ्री पुरता पेटला की ८९ वॉटपर्यंत जातो, आय फाइव्ह ११७ पर्यंत. फरक २८ वॉटचा. आठ तास दोन्ही असेच पूर्ण भाराने चालविले तरी पाव युनिटसुद्धा फरक पडत नाही, आणि माझ्या कामात ते तसे कधी चालणारच नाहीत. मागाची एक हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे ७४६ वॉट. "मग सोड," आप्पा म्हणाले. त्या मुद्द्यावर दोन्ही प्रोसेसर उत्तीर्ण झाले.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर दुकानात आले. मला लाज वाटत होती. एकदा ठरविलेले बदलायचे, तेही महागाकडून स्वस्ताकडे. बाकमित्रही आला होता. दुकानदाराने पुन्हा आय फाइव्हचे गुण सांगायला सुरुवात केली, तेव्हा आप्पांनी त्याला कन्नडमध्ये एकच शब्द सांगितला, "साकु." पुरे. आमच्या बेळगावात मराठी घरातही हा शब्द पाहुण्याच्या ताटात तिसरी पोळी पडताना ऐकू येतो. दुकानदार हसला, आगाऊ दिलेले हजार रुपये त्याने विनातक्रार नव्या कागदावर जमा केले.

नवा कागद: प्रोसेसर ९,८००, मदरबोर्ड तोच ६,२००, रॅम सोळा जीबी ३,२००, एसएसडी पाचशे जीबी ३,२००, पेटी ३,५००, पडदा ६,५००, कीबोर्ड-माऊस ८००, आणि यूपीएस २,८००. बेरीज पुन्हा ३६,०००! रॅमही आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकाच पट्टीवर माहितीची ये-जा एका वाटेने होते, दोनांवर दोन वाटांनी. वडगावात पावसाळ्यात वीज कशी जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यूपीएसचे महत्त्व सांगायला नको. अर्धे विवरण भरून झाल्यावर पडदा काळा झाला, तर सहा कोअर काय अंधारात कंदील धरणार आहेत?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे माझ्या शहाणपणाची जाहिरात होईल. माझ्या बाकमित्राच्या थोरल्या भावाकडे नेमका आय फाइव्ह-१२४०० आहे. तो लग्नाच्या चित्रफिती तयार करतो. आम्ही एकदा दोन्ही यंत्रे ताडून पाहिली. एका दुकानाची वर्षभराची खाती दोन्हीकडे उघडली. घड्याळ धरून बसलो, पण हातातल्या घड्याळाला फरक दिसेना. मग त्याने एक चित्रफीत आणली आणि ती निव्वळ प्रोसेसरच्या बळावर दाबून लहान करायला लावली. त्याच्याकडे दहा मिनिटांत झालेले काम माझ्याकडे पाऊण चहा आणि वर गप्पा झाल्या तरी चालूच. पंधरा मिनिटांच्या आसपास लागली. असे काम कोअरांत वाटून देता येते, तेथे सहा म्हणजे सहाच. लग्नसराईत त्याची यंत्रे रात्ररात्र चालतात. त्याने माझे ऐकून आय थ्री घेतला असता तर त्याचे नुकसान झाले असते. त्याने मला जोडधंदा म्हणून दोन चित्रफिती देऊ केल्या होत्या; त्या मी घेतल्या नाहीत, आणि त्या दिवशी मला ५,५०० रुपयांची थोडी चुटपुट लागली हे लपवत नाही. मात्र मदरबोर्ड दोघांना एकच चालतो. कधी तसे काम आलेच, तर प्रोसेसर तेवढा बदलता येईल.

वर्गातला तो आय सेव्हनवाला मला अजून विचारतो, "तुझा तो आय थ्री चालतोय का रे?" चालतो. पहिल्या वर्षात मी पाच दुकानांची खाती सांभाळली. त्यातले दोन सुताचे व्यापारी. त्यांतल्या एकाकडे आमची बाकी होती. त्याच्याच वहीत आप्पांच्या नावापुढचे सहा हजार जमा झालेले मी माझ्या हाताने पाहिले.

संगणकाचे टेबल त्या रिकाम्या झालेल्या कोपऱ्यातच आहे. शेजारी चार माग चालू असले की जमीन हादरते, आणि टेबलावरचा पडदा बारीक थरथरतो. मध्यंतरी २० तारखेच्या आदल्या रात्री मी विवरण भरत बसलो होतो. आप्पा कांडी बदलून माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी त्यांना कोणता कोअर किती काम करतो ते दाखविणारी खिडकी उघडून दिली. आठ चौकोन, आठ रेघा. एखादी मधूनच उसळी घ्यायची, बाकीच्या जमिनीला लागून पडलेल्या.

आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"हे सगळे बसूनच आहेत की रे!" ते म्हणाले. "चारसुद्धा जास्तच झाले तुला."

आणि मागाकडे परत गेले. तिकडे दुसऱ्या मागावरचा धागा तुटला होता.